पत्रिका जुळवताना क्रम चुकतो, आणि चांगली स्थळं हातची जातात

आमच्या अमळनेर-चोपडा भागात तुळशीचं लग्न लागलं की मोबाइलवर बायोडाटे आणि पत्रिका येऊन पडायला लागतात. वीसेक वर्षं मी नात्यागोत्यातल्या आणि ओळखीच्या घरांच्या पत्रिका पाहून देते, त्याचे पैसे घेत नाही. एवढ्या वर्षांत मोडलेली स्थळं आठवली की एक गोष्ट खटकते. पत्रिका खरोखर जुळत नव्हती म्हणून मोडलेली स्थळं थोडी आहेत. जन्मवेळ चुकीची होती, गुण नावावरून काढले होते, कुंडलीतला आकडा उलटा वाचला होता, अशा कारणांनी मोडलेली जास्त. त्याहून वाईट म्हणजे मुलगी पाहून झाल्यावर, पसंती झाल्यावर कोणीतरी पत्रिका बाहेर काढतं आणि तिथून नकार जातो. त्या मुलीला पुढचे काही महिने घरात कसे जातात ते मी जवळून पाहिलंय.

म्हणून पुढचा क्रम नीट पाळा. पत्रिका मानत नसाल तर फक्त टप्पा २ आणि टप्पा ८ वाचा, ते दोन प्रत्येक घरासाठी आहेत.

## बसण्याआधी काय जवळ हवं

एक वही, दोघांच्या जन्माचा तपशील, आणि एकच पंचांग. एकच, हे महत्त्वाचं. दाते पंचांग आणि टिळक पंचांग यांचं अयनांश, म्हणजे राशीचक्राची सुरुवात कुठून धरायची तो आकडा, वेगळं आहे, फरक जवळपास ४ अंशांचा पडतो. नक्षत्राचा एक चरण ३ अंश २० कलांचा असतो. म्हणजे मुलाची पत्रिका एका पंचांगावरून आणि मुलीची दुसऱ्यावरून केली असेल तर चरण हमखास बदलतो, कधी नक्षत्रही बदलतं. आलेल्या दोन छापील पत्रिका शेजारी ठेवून गुण काढायला बसू नका. दोघांचा जन्मतपशील घ्या आणि दोन्ही पत्रिका स्वतः एकाच ठिकाणी नव्याने मांडा. मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये सेटिंगमध्ये जाऊन अयनांश ‘लाहिरी’ किंवा ‘चित्रापक्ष’ आहे ना ते आधी बघा. आपल्याकडे बहुतेक पंचांगं तेच धरतात.

घरात कोण बसणार तेही आधी ठरवा. आई, वडील आणि ज्याचं लग्न आहे तो किंवा ती, एवढी माणसं पुरे. ओसरीवर दहा माणसं बसली की प्रत्येक जण आपल्या चुलतबहिणीचा अनुभव सांगतो आणि पत्रिका बाजूला राहते.

## टप्पा १ : जन्माचा तपशील पक्का करा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. पुढचं सगळं गणित याच चार गोष्टींवर उभं आहे: तारीख, वार, वेळ, गाव.

तारीख. शाळेच्या दाखल्यावरची तारीख खरी धरू नका. १ जून ही तारीख दिसली तर नक्की विचारा, कारण पूर्वी शाळेत नाव घालताना गुरुजी सरसकट ती लिहीत, आणि खेड्यापाड्यांत ती सवय बरीच वर्षं टिकली. ग्रामपंचायतीचा किंवा नगरपालिकेचा जन्मदाखला मागा.

वेळ. जन्मदाखल्यावर तारीख मिळते, जन्मवेळ मिळत नाही. वेळ सापडते दवाखान्याच्या डिस्चार्ज कार्डावर, नाहीतर आजीने किंवा मामाने त्या दिवशी वहीत लिहून ठेवलेली असते. घरी बाळंतपण झालं असेल तर उत्तर येतं, ‘दिवा लागनीना टाइमले व्हयना’. याचं घड्याळात रूपांतर करताना महिना बघा. खानदेशात डिसेंबरात पावणेसहाच्या सुमाराला सूर्य मावळतो, जूनअखेरीस सात वाजून गेलेले असतात. सरसकट ‘सायंकाळी ७’ लिहून मोकळं होऊ नका. महिना बघून वेळ धरा आणि वहीत तिच्यापुढे ‘अंदाजे’ असं स्पष्ट लिहा. त्या एका शब्दाचा पुढे मंगळ पाहताना उपयोग होणार आहे.

मध्यरात्रीनंतरचा जन्म. ही चूक माझ्या स्वतःच्या हातून झाली आहे. भाचीचा जन्म ‘मंगळवारी रात्री पाऊण वाजता’ असं घरात सगळे म्हणायचे. मी मंगळवारची तारीख टाकली आणि वेळ रात्री १२:४५ टाकली. यंत्राने तो जन्म सोमवार संपून मंगळवार लागतानाचा धरला. खरा जन्म मंगळवार संपून बुधवार लागतानाचा होता, कारण आपल्या बोलण्यात आणि पंचांगातही वार सूर्योदयाला बदलतो, कॅलेंडरात तो मध्यरात्रीला बदलतो. पुरा एक दिवस मागे गेला. चंद्र साधारण एका दिवसात एक नक्षत्र चालतो, म्हणून भाचीचं चित्रा नक्षत्र आम्ही हस्त समजत राहिलो. नक्षत्रांच्या तीन गटांना नाडी म्हणतात: हस्ताची नाडी आद्य, चित्राची मध्य. त्या चुकीपायी एक फार चांगलं स्थळ मी स्वतः ‘एकनाड’, म्हणजे दोघांची नाडी एकच, असं सांगून परतवलं. ते आजही मनाला लागून आहे.

> तपासा : जन्म रात्री १२ ते सूर्योदय या वेळेतला असेल तर आईला एकच प्रश्न विचारा: ‘त्या रात्रीनंतर सकाळ उजाडली ती कोणत्या वाराची?’ जो वार सांगतील, त्याच वाराची कॅलेंडरची तारीख टाका. मोबाइलच्या कॅलेंडरात त्या वर्षापर्यंत मागे जाऊन तारीख आणि वार जुळतात का ते बघा.

गाव. पहिलं बाळंतपण माहेरी होतं. घर सुरतेला उधन्यात किंवा लिंबायतला, आणि जन्म मात्र मामाच्या गावी, एरंडोलला किंवा शहाद्याला. बायोडाट्यात लिहिलेलं असतं ‘सुरत’. सुरत आणि जळगाव यांच्या रेखांशात पावणेतीन अंशांचा फरक आहे, म्हणजे स्थानिक वेळेत सुमारे ११ मिनिटांचा. राशी-नक्षत्रावर याचा परिणाम होत नाही, पण लग्नरास, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवत असलेली रास, सीमेवर असेल तर ती बदलते. ‘जन्म झाला ते गाव कोणतं?’ असं सरळ विचारा. ‘तुमचं गाव कोणतं?’ असं विचाराल तर मूळ गाव सांगतील.

> थांबा : वेळ मिळतच नसेल तर मनाने बनवू नका. ‘वेळ माहीत नाही’ असं समोरच्यांना सांगा. त्या दिवसाच्या सूर्योदयापासून दुसऱ्या दिवसाच्या सूर्योदयापर्यंत पंचांगात नक्षत्र किंवा रास बदलत नसेल तर वेळेशिवायही गुण काढता येतात. बदलत असेल तर दोन्ही शक्यता धरून काढून पाहा.

## टप्पा २ : पत्रिका उघडण्याआधीची चाळणी

हा टप्पा लोक शेवटी ठेवतात. तो आधी करा, म्हणजे अर्धी मेहनत वाचते.

कूळ, देवक किंवा गोत्र, आपापल्या समाजात जे चालतं ते, आणि मामेकूळ. भाऊबंदकीत बसत असेल तर इथेच थांबा. वयाचा फरक, शिक्षण, नोकरी कुठे, लग्नानंतर राहायचं कुठे. मुलगा रावेरला केळीची शेती करतो आणि मुलीला पुण्याची नोकरी सोडायची नाही, हे आज स्पष्ट असेल तर ३२ गुण जुळूनही काही उपयोग नाही. मुलाला आणि मुलीला एकेकटं बसवून विचारा की लग्नाची तयारी आहे का, मनात दुसरं कोणी आहे का. हा प्रश्न आईने विचारलेला बरा, आणि उत्तर ऐकून घेण्याची तयारी ठेवून विचारलेला बरा.

## टप्पा ३ : पत्रिका मांडा, मग तिची आतली जुळणी तपासा

अ‍ॅपने दिलं किंवा छापून आलं म्हणजे बरोबर असं नाही. एका मिनिटात करता येणारी तपासणी आहे: नक्षत्र, चरण आणि रास या तिन्हींचा मेळ.

एका राशीत सव्वादोन नक्षत्रं, म्हणजे नऊ चरण बसतात. त्यामुळे नऊ नक्षत्रं दोन राशींत विभागली जातात. ती लक्षात ठेवा:

- पहिला चरण आधीच्या राशीत, बाकी तीन पुढच्या राशीत : कृत्तिका (मेष–वृषभ), उत्तरा (सिंह–कन्या), उत्तराषाढा (धनु–मकर)
- दोन-दोन चरण : मृग (वृषभ–मिथुन), चित्रा (कन्या–तूळ), धनिष्ठा (मकर–कुंभ)
- तीन चरण आधीच्या राशीत, चौथा पुढच्या : पुनर्वसू (मिथुन–कर्क), विशाखा (तूळ–वृश्चिक), पूर्वाभाद्रपदा (कुंभ–मीन)

‘चित्रा नक्षत्र, चरण ३, रास कन्या’ असं लिहून आलं तर ते चूक आहे. चित्राचा तिसरा चरण तुळेत येतो. अशी पत्रिका परत पाठवून जन्मतपशील पुन्हा मागा.

नावरास आणि जन्मरास. अ‍ॅपमध्ये फक्त नावं टाकून गुण काढण्याची सवय फार पसरली आहे. अक्षरावरून नाव ठेवलं असेल तरच नावरास आणि जन्मरास एक येते, आणि आज किती घरांत तसं नाव ठेवतात? जन्मतपशील असताना नावाकडे बघायचंच नाही. एकाचा तपशील अजिबात मिळत नसेल तर दोघांचीही नावरास घ्या. एकाची जन्मरास आणि दुसऱ्याची नावरास घेऊन काढलेले गुण धरत नाहीत.

> तपासा : अ‍ॅपमध्ये मुलाचा तपशील मुलाच्या रकान्यात आणि मुलीचा मुलीच्या रकान्यात आहे ना? वर्ण, गण यांचे गुण वर-वधूची अदलाबदल झाली की बदलतात. बेरीज चुकते आणि कळतही नाही.

## टप्पा ४ : आधी नाडी आणि राशीकूट, बेरीज नंतर

बहुतेक घरांत नेमकं इथेच उलटं होतं. ‘किती गुण?’ हा पहिला प्रश्न येतो. ३६ गुणांची वाटणी अशी आहे: वर्ण १, वश्य २, तारा ३, योनी ४, ग्रहमैत्री ५, गण ६, राशीकूट ७, नाडी ८. आता बघा, एकनाड असून बाकी सगळं जुळलं तर बेरीज २८ येते. राशीकूट बिघडून बाकी जुळलं तर २९ येते. दोन्ही आकडे १८ च्या कितीतरी वर आहेत, आणि ज्याला शास्त्र सगळ्यात जास्त वजन देतं तोच दोष आकड्याखाली झाकून जातो. म्हणून आधी हे दोन बघा.

नाडी. पाठ करायला सोपी आहे. तीन बोटं धरा: आद्य, मध्य, अंत्य. अश्विनीपासून मोजत जा आणि टोकाला पोचलात की त्याच बोटावरून परत फिरा. अश्विनी आद्य, भरणी मध्य, कृत्तिका अंत्य, रोहिणी अंत्य, मृग मध्य, आर्द्रा आद्य, पुनर्वसू आद्य, पुष्य मध्य, आश्लेषा अंत्य. असंच रेवतीपर्यंत, आणि रेवती अंत्यावर येऊन थांबली पाहिजे. तसं झालं नाही तर मधे एक नक्षत्र सुटलं आहे.

दोघांची नाडी वेगळी आली की ८ गुण, एकच आली की शून्य. एकनाड दिसली तर लगेच नकार लिहू नका. परिहार, म्हणजे दोष न धरण्याची कारणं, पाहा:

- रास एक, नक्षत्र वेगळं. जसं मिथुनेतले आर्द्रा आणि पुनर्वसू, वृषभेतले कृत्तिका आणि रोहिणी.
- नक्षत्र एक, रास वेगळी. एकाचं मृग वृषभेतलं, दुसऱ्याचं मिथुनेतलं.
- नक्षत्र एक, चरण वेगळा.

यांतलं काही असेल तर परंपरेनुसार दोष धरत नाहीत. अ‍ॅप मात्र शून्य दाखवत राहतं, कारण त्याला परिहार शिकवलेला नसतो.

राशीकूट. एकाच्या राशीपासून दुसऱ्याच्या राशीपर्यंत मोजा, मग उलट मोजा. मोजताना ज्या राशीपासून निघालात ती ‘एक’ धरायची. हे विसरल्यामुळे किती घोटाळे होतात! मेष ते कन्या हे अंतर ६ आहे. मेष सोडून मोजलं तर ५ येतं आणि षडाष्टकाचं (६-८) नवपंचम (५-९) होऊन बसतं.

> तपासा : राशी वेगळ्या असतील तर दोन्ही बाजूंच्या मोजणीची बेरीज नेहमी १४ येते. मेष ते कन्या ६, कन्या ते मेष ८, बेरीज १४. दुसरं काही आलं तर पुन्हा मोजा.

एकच रास, समसप्तक (७-७), ३-११ आणि ४-१० चालतं. २-१२, ५-९ आणि ६-८ ला गुण शून्य. पण तिन्ही सारखे वाईट नाहीत, आणि ‘षडाष्टक’ शब्द ऐकून घाबरणाऱ्यांनी पुढचं वाचावं. मेष–वृश्चिक, वृषभ–तूळ, मिथुन–मकर, कर्क–धनु, सिंह–मीन, कन्या–कुंभ ही प्रीतिषडाष्टकं आहेत, ती चालतात. मेष–कन्या, वृषभ–धनु, मिथुन–वृश्चिक, कर्क–कुंभ, सिंह–मकर, तूळ–मीन ही मृत्युषडाष्टकं, ती टाळतात. नवपंचमात राशीस्वामी मित्र असले तर बहुतेक जाणकार पुढे जायला सांगतात. मीही सांगते.

## टप्पा ५ : आता बेरीज

१८ च्या खाली असेल तर सहसा पुढे जात नाहीत, त्याच्या वर चालतं. ३० आणि २२ यांत लोकांना वाटतो तेवढा फरक नाही. दोन स्थळांमध्ये निवड करताना ‘त्यांचे २६ आणि यांचे २४’ असा हिशेब करू नका. योनी आणि वश्य यांची कोष्टकं पंचांगागणिक थोडी बदलतात, एखाद-दोन गुण इकडे-तिकडे होतात. कमी पडलेले गुण कुठले आहेत ते बघा. ग्रहमैत्रीचे पाच पूर्ण असतील तर मला स्थळ आवडतं, कारण स्वभावाचा मेळ तिथे पाहतात.

तारा हाताने काढत असाल तर एकाच्या नक्षत्रापासून दुसऱ्याच्या नक्षत्रापर्यंत मोजून ९ ने भागा. बाकी ३, ५ किंवा ७ आली तर तारा अशुभ. इथेही पहिलं नक्षत्र धरून मोजायचं. अश्विनी ते रोहिणी ४, म्हणजे शुभ. उलट रोहिणी ते अश्विनी २५, बाकी ७, म्हणजे अशुभ. एका बाजूने शुभ, म्हणून ३ पैकी दीड गुण. नक्षत्रं वेगळी असतील तर दोन्ही मोजण्यांची बेरीज २९ आली पाहिजे.

वर्णाबद्दल एक. इथला ‘वर्ण’ म्हणजे जात नव्हे, राशींचे चार गट आहेत. कर्क, वृश्चिक आणि मीन एका गटात, तसे. वर्ण जुळत नाही असं ऐकून एका आजोबांनी वेगळाच अर्थ काढला होता आणि बैठक बिघडली होती. हा एकच गुण आहे, तो गेला तर जाऊ द्या.

## टप्पा ६ : मंगळ

मंगळ गुणांत येत नाही, तो वेगळा पाहायचा असतो. लग्नराशीपासून १, ४, ७, ८ किंवा १२ व्या स्थानात मंगळ असेल तर आपल्याकडे ‘मंगळाची पत्रिका’ म्हणतात.

पहिली चूक वाचण्याची. कुंडलीच्या चौकटीत लिहिलेले आकडे राशींचे असतात, स्थानांचे नसतात. वरचं मधलं घर नेहमी पहिलं स्थान, तिथून घड्याळाच्या उलट दिशेने मोजायचं. वरच्या घरात ६ लिहिलं असेल तर लग्न कन्या. त्या कुंडलीत मंगळ ‘८’ लिहिलेल्या घरात दिसला की लोक म्हणतात, ‘अष्टमात मंगळ!’ पण ८ म्हणजे वृश्चिक रास, आणि कन्येपासून वृश्चिक तिसरी. मंगळ तृतीयात आहे, दोष नाहीच. उलट त्याच कुंडलीत मंगळ ‘१’ लिहिलेल्या घरात असेल तर तो अष्टमातला आहे, कोणाला दिसत नाही.

दुसरी चूक वेळेची. लग्नरास साधारण दर दोन तासांनी बदलते. वेळ अंदाजे असेल आणि लग्न राशीच्या सुरुवातीला किंवा शेवटी असेल तर मंगळाचं स्थान एकाने मागे-पुढे होतं. दुसऱ्या स्थानातला मंगळ पहिल्यात येतो, नवव्यातला आठव्यात. म्हणून टप्पा १ मध्ये ‘अंदाजे’ लिहायला सांगितलं. वहीत तो शब्द असेल तर वेळ अर्धा तास मागे आणि अर्धा तास पुढे करून कुंडली पुन्हा काढा. तिन्हींत मंगळ सारखा आला तरच तो धरा. गुण चंद्रावरून निघतात, चंद्र एका राशीत सव्वादोन दिवस असतो, त्यामुळे दहा-पंधरा मिनिटांच्या चुकीने गुण सहसा हलत नाहीत. मंगळ हलतो. गंमत म्हणा किंवा दुर्दैव, लोक गुणांसाठी दहादा विचारतात आणि मंगळ एकदाच वाचून मोकळे होतात.

तिसरी चूक घाबरण्याची. बारापैकी पाच स्थानं मंगळाची, म्हणजे दहा मुलींमध्ये चारेक पत्रिका मंगळाच्या निघणारच. काही जण चंद्रापासून आणि शुक्रापासूनही मोजतात. साधा हिशेब लावला तर तिन्हींपैकी कुठून तरी मंगळ येणाऱ्या पत्रिका पाचातल्या चारच्या घरात जातात. एवढ्या मुलींना दोषी ठरवणारी मोजणी कशाला धरायची? लग्नापासून मोजा. मंगळ मेष, वृश्चिक किंवा मकर राशीत असेल किंवा दोघांच्याही पत्रिकेत मंगळ असेल तर दोष धरत नाहीत.

> थांबा : मंगळ आहे म्हणून कुंभविवाह (दोष जावा म्हणून आधी मडक्याशी लावतात ते लग्न), मोठी शांत, हजारोंची दक्षिणा असं कोणी सुचवलं तर त्या बैठकीत होकार देऊ नका. घरी या, दुसऱ्या जाणकाराला त्याच जन्मतपशिलावरून पत्रिका दाखवा. पहिल्याने काय सांगितलं ते त्याला आधी सांगू नका.

## टप्पा ७ : मूळ, आश्लेषा, ज्येष्ठा, विशाखा

मूळ नक्षत्राची सून सासऱ्याला, आश्लेषाची सासूला, ज्येष्ठेची थोरल्या दिराला, विशाखेची धाकट्याला, असं सांगून मुली नाकारतात. ज्या परंपरेचा दाखला देतात त्याच परंपरेत मूळचा चौथा चरण, आश्लेषाचा पहिला आणि विशाखेचे पहिले तीन चरण निर्दोष मानले आहेत. हे कोणी उघडून बघत नाही. माझं मत स्पष्ट आहे: सासऱ्याच्या आयुष्याचा भार मुलीच्या जन्मनक्षत्रावर टाकू नका. माझ्याकडे मूळ नक्षत्राची पत्रिका आली की मी हा टप्पा ओलांडून पुढे जाते.

## टप्पा ८ : रक्ताची तपासणी

‘एकनाड म्हणजे एक रक्तगट’ हे अनेक घरांत खरं मानतात. नाडी नक्षत्रावरून ठरते, तिचा रक्तगटाशी संबंध नाही. दोघांचा रक्तगट एकच असला तरी लग्नाला काही अडचण नसते. मुलगी आरएच निगेटिव्ह आणि मुलगा पॉझिटिव्ह असेल तर गरोदरपणात डॉक्टरांना आधी सांगायचं, अँटी-डी इंजेक्शन मिळतं. तेवढ्यावरून स्थळ मोडायचं नाही.

खरी पाहायची गोष्ट सिकलसेल आणि थॅलेसेमिया, हे आईवडिलांकडून मुलात येणारे रक्ताचे आजार. सातपुड्याच्या पट्ट्यात, विशेषतः नंदुरबार जिल्ह्यात, सिकलसेल बऱ्याच प्रमाणात आढळतो. वाहक माणूस धडधाकट दिसतो, त्याला स्वतःला कळतही नाही. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. सिकलसेलसाठी सोल्युबिलिटी चाचणी करतात, ती पॉझिटिव्ह आली तर पुढे इलेक्ट्रोफोरेसिस. थॅलेसेमियासाठी सीबीसी आणि हिमोग्लोबिन ए-२ बघतात. दोघांनीही करायची. फक्त मुलीची तपासणी मागणाऱ्या घराला सांगा, ‘अण्णा, दोघांचं एकाच दिवशी करू.’

कधी करायची? पत्रिका जुळल्यावर, आणि सुपारी फुटण्याआधी. साखरपुडा झाल्यावर अहवाल हातात आला तर दोन घरांची कोंडी होते. एक जण वाहक आणि दुसरा नाही, असं असेल तर लग्नाला हरकत नसते, हे डॉक्टरांकडून दोन्ही घरांनी एकत्र बसून ऐकावं.

## टप्पा ९ : पाहण्याचा कार्यक्रम, आणि नकार

वरचं सगळं झाल्यावरच मुलगी पाहायला जा. तिला तयार करून पाहुण्यांसमोर बसवायचं, मागून पत्रिका तपासायची आणि आठ दिवसांनी ‘गुण जुळत नाहीत’ कळवायचं, हे करू नका. पत्रिका पाहायची असेल तर ‘पत्रिका पाहून कळवतो’ असं सांगा आणि चार दिवसांत उत्तर द्या. महिनाभर लटकवून ठेवलं तर त्या घराची दुसरी स्थळं थांबतात.

पसंती झाल्यावर पत्रिका पुन्हा उघडायची नाही. कोणी नवीन जाणकार गाठून नवीन दोष शोधू लागलं तर घरातल्या मोठ्यांनी तिथेच थांबवावं.

नकार द्यायचा असेल तर पत्रिकेचं खोटं कारण देऊ नका. आमच्या भागात शेती करणाऱ्या मुलाला ‘पत्रिका जमत नाही’ असं सांगायची रीत पडली आहे, खरं कारण शेती असतं. त्याचे आईवडील मग शांती करत फिरतात, पैसे घालवतात. एका घराने तीन स्थळांच्या अशा नकारानंतर मुलाची पत्रिका माझ्याकडे आणली, आणि तिच्यात काहीच नव्हतं. मध्यस्थाकरवी न सांगता घरातल्या मोठ्या माणसाने फोन करावा: ‘भाऊ, माणसं तुमची चांगली आहेत. पोरीला नोकरी सोडायची नाही, आणि आम्हाला तिच्यावर जोर करायचा नाही. पुढे योग असला तर भेटूच.’ एवढं पुरतं, आणि समोरचं घर पुढच्या स्थळाकडे नीट वळतं.

फोन झाला की त्यांचा बायोडाटा, पत्रिका आणि मुलीचे फोटो मोबाइलमधून काढून टाका, ज्यांना पुढे पाठवले असतील त्यांनाही काढायला सांगा. वहीतलं पान मात्र राहू द्या. जन्मतपशील तपासताना काय विचारलं, कुठे चूक सापडली, ते त्यात असतं, आणि धाकट्या भावंडांच्या वेळी तेच पान पुन्हा उघडावं लागतं.